कंसात राहिलेला हौशी

'आम्ही' आणि 'आपण' यांतला भेद शिकवताना आम्ही काही वर्षे एक जाहिरात वर्गात नेत आहोत. जाहिरात मराठी नाही, आपल्याकडच्या नियतकालिकातली नाही आणि आजची तर मुळीच नाही. ती आहे अमेरिकेतील रॉचेस्टर या गावच्या 'ईस्टमन ड्राय प्लेट अँड फिल्म कंपनी'ची, १८८९ साली मासिकांतून छापली जाणारी. तिच्यातल्या एका वाक्याला पुढे एवढी कीर्ती लाभली की जाहिरातीच्या इतिहासावरचे पुस्तक त्याच्यावाचून सहसा पुरे होत नाही. मराठीत ते वाक्य साधारण असे होईल : 'तुम्ही कळ दाबा, बाकीचे आम्ही करू.'

विद्यार्थ्यांना आम्ही विचारतो की, येथे 'आम्ही'च्या जागी 'आपण' चालेल का? उत्तर एकमुखाने येते, चालणार नाही. 'बाकीचे आपण करू' म्हटले की ऐकणारा त्या कामात सामील होतो. 'बाकीचे आम्ही करू' म्हटले की त्याला बाहेर थांबवले जाते. इंग्रजीला ही दोन सर्वनामे वेगळी ठेवण्याची सोय नाही, त्यामुळे मूळ वाक्यातला दरवाजा उघडा आहे की बंद हे तेथे पटकन कळत नाही. मराठीत आणताक्षणी तो बंद असल्याचे दिसते. अनुवाद म्हणजे वाचनच, असे आपण वर्गात नेहमी सांगतो. त्याचे यापेक्षा लहान आणि चपखल उदाहरण आम्हांला अद्याप सापडलेले नाही.

परंतु या लेखाचा विषय सर्वनामे हा नाही. त्या दरवाज्याबाहेर कोण राहिले आणि त्याला तेथे कोणत्या भाषेने बसवले, हा आहे. आमचे म्हणणे थोडक्यात असे : या आणि यासारख्या जाहिरातींनी केवळ कॅमेरे विकले नाहीत; त्यांनी 'हौशी' या शब्दाचा अर्थ बदलला. जो करतो तो हौशी, हा अर्थ मागे पडला आणि ज्याचे दुसरे कोणी करून देते तो हौशी, हा अर्थ रूढ झाला. साहित्याच्या अभ्यासकांनी ही घटना आपल्या विषयाबाहेरची मानू नये, असे आम्हांला वाटते.

*

आधी तो जुना हौशी पाहू. इंग्रजीतील 'अमॅच्युअर' हा शब्द 'प्रेम करणारा' या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून फ्रेंचमार्गे आला. आपला 'हौस' हा शब्द इच्छा, आसक्ती या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला. दोन्हींच्या मुळाशी ओढ आहे, अज्ञान नाही. मराठी रंगभूमीवर 'हौशी' आणि 'व्यावसायिक' असा भेद आपण करतो तेव्हा हौशी नटाला अभिनय येत नाही असे आपल्याला म्हणायचे नसते. तो त्यावर पोट भरीत नाही, एवढेच म्हणायचे असते.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचा हौशी छायाचित्रकार अशाच अर्थाने हौशी होता. १८५४ साली स्थापन झालेल्या 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे'च्या सभासदांत डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते, हे मुंबईच्या इतिहासाच्या वाचकांना ठाऊक आहे. त्या काळात छायाचित्र काढणे म्हणजे काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली आहे तोवरच कॅमेऱ्यात घालायची आणि सुकण्याच्या आत अंधारात नेऊन धुवायची. बोटांवर काळे डाग पडत; गावाबाहेर जायचे तर तंबू, बाटल्या, तिवई असा सारा संसार बरोबर न्यावा लागे. जत्रेत हौशे, नवशे आणि गवशे असे तीन प्रकारचे लोक येतात असे आपण म्हणतो. त्या हिशेबाने हे लोक हौशे म्हणवत असले तरी वृत्तीने नवशेच होते. नवस फेडावा तसे ते छायाचित्र काढीत.

विशेष म्हणजे जॉर्ज ईस्टमन हाही मूळचा याच पंथाचा. रॉचेस्टरच्या एका बँकेत तो कारकून होता. १८७७ साली त्याने ओल्या काचपट्टीचे सारे साहित्य विकत घेतले, शिकवणीचे पैसे भरून ती विद्या शिकला, आणि पुढे कोरड्या काचपट्ट्या बनवण्यासाठी रात्री बँकेतून परतल्यावर आईच्या स्वयंपाकघरात रसायने शिजवू लागला. ज्याने पुढे 'बाकीचे आम्ही करू' म्हटले, त्याने स्वतः आयुष्याची उमेदीची वर्षे त्या 'बाकीच्या'तच घालवली होती.

१८८० च्या दशकात कोरड्या काचपट्ट्या बाजारात तयार मिळू लागल्या आणि तंबू सुटला. अँथनी किंवा स्कोव्हिल अशा अमेरिकन पेढ्या हौशी लोकांसाठी साहित्याचे संच विकू लागल्या. मात्र या विक्रीची भाषा साहित्याची यादी सांगणारी भाषा होती : कोणते भिंग, कोणत्या मापाची काच, किती काचधारक, कोणती तिवई. ही भाषा वाचकाला जाणकार मानते, निदान जाणकार होऊ पाहणारा तरी मानते. तिच्यात आर्जव कमी आणि माहिती जास्त असते.

*

४ सप्टेंबर १८८८ रोजी ईस्टमनच्या कॅमेऱ्याला पेटंट मिळाले आणि 'कोडॅक' हे नाव नोंदले गेले. या नावाला अर्थ नव्हता आणि नसावा अशीच योजना होती. के हे अक्षर ईस्टमनला ठसठशीत वाटे. ते त्याच्या आईच्या माहेरच्या आडनावाचे आद्याक्षरही होते. शब्द आखूड असावा, चुकीचा उच्चारता येऊ नये आणि दुसऱ्या कशाशी त्याचे नाते लागू नये, एवढेच त्याला हवे होते. भाषेच्या अभ्यासकाला येथे थबकावेसे वाटते. व्युत्पत्ती नसलेला शब्द मुद्दाम घडवणे म्हणजे त्या वस्तूला भूतकाळ नाकारणे होय. ओल्या काचेची, तंबूची, डागाळलेल्या बोटांची आठवण त्या नावात कोठेच नव्हती.

वस्तू म्हणजे एक चौकोनी डबी. किंमत २५ डॉलर. तेव्हाच्या कामगाराची काही आठवड्यांची मजुरी. आत १०० चित्रांचे रीळ आधीच भरलेले. चित्रे गोल, अडीच इंच व्यासाची. दृश्य न्याहाळायला खिडकी नाही. डबी रोखायची आणि कळ दाबायची. शंभर चित्रे झाली की डबीच रॉचेस्टरला पाठवायची, सोबत १० डॉलर. कंपनी रीळ धुऊन, चित्रे छापून, डबीत नवे रीळ भरून परत धाडी. आरंभीच्या रिळात कागदावरचा थर सोडवून काचेसारख्या पारदर्शक पापुद्र्यावर उतरवावा लागे. हे काम नाजूक होते. घरी करणे बहुतेकांना जमले नसते. तेव्हा 'बाकीचे आम्ही करू' ही आरंभी केवळ सौजन्याची भाषा नव्हती, तंत्राची अडचणही तीत होती. ती अडचण सवलत म्हणून विकण्यात कर्त्याची प्रतिभा दिसते.

घोषवाक्याची पहिली बाजूही अक्षरशः खरी नव्हती. त्या पहिल्या कॅमेऱ्यात प्रत्येक चित्रासाठी दोरी ओढायची, किल्ली फिरवायची आणि मग कळ दाबायची, अशा तीन कृती होत्या. पुस्तिकेत त्या तीन होत्या. मासिकात एकच उरली. जाहिरात खोटे बोलली असे आम्ही म्हणत नाही. कथाकार जे करतो तेच तिने केले. पुष्कळांतून एक कृती निवडली आणि तिच्यावर सारा भार टाकला.

आता १८८९ च्या जाहिरातीचा पुढचा भाग वाचायला हवा. बहुधा तो कोणी वाचत नाही. 'तुम्ही कळ दाबा, बाकीचे आम्ही करू' या ओळीखाली कंसात आणखी एक वाक्य आहे : 'किंवा ते तुम्ही स्वतःही करू शकता.' आणि तळाशी किमती आहेत : कॅमेरा २५ डॉलर, नवे रीळ २ डॉलर. म्हणजे स्वतः धुणाऱ्या-छापणाऱ्याला शंभर चित्रांमागे २ डॉलर लागत आणि कंपनीकडून सारे करून घेणाऱ्याला १०. स्वतःच्या कागदाचा आणि रसायनांचा खर्च वेगळा धरला तरी मधले आठ डॉलर म्हणजे ढोबळमानाने 'बाकीच्या'ची किंमत.

हे कंसातले वाक्य आम्हांला फार महत्त्वाचे वाटते. जुना हौशी छायाचित्रकार तेथे अजून जिवंत आहे. त्याला हाकललेले नाही, फक्त कंसात बसवले आहे. आणि काळाने त्या जाहिरातीतून नेमका कंसच गाळून टाकला. ज्या काही पुस्तकांत हे घोषवाक्य उद्धृत झालेले आम्ही पाहिले, त्यांतल्या बहुतेकांत ते कंसाविना आले आहे. अवतरण कोठे तोडावे याचेही राजकारण असते, हे आपण संतसाहित्य शिकवताना सांगतो. जाहिरातीच्या बाबतीत ते विसरतो.

*

विसरण्याचे एक कारण आपल्या ग्रंथालयांत आहे. काही वर्षांपूर्वी एका जुन्या ग्रंथालयात एका नियतकालिकाचे बांधीव खंड पाहण्याचा योग आला. कविता, कथा, संपादकीय, पुस्तकपरीक्षणे सारे जागच्या जागी होते. जाहिरातीचे एकही पान नव्हते. चौकशी केली तेव्हा बांधणीच्या वेळी 'फालतू पाने' काढली असे उत्तर मिळाले. हा कोणा एका ग्रंथालयाचा दोष नव्हे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन मासिकांत जाहिराती पुढे आणि मागे स्वतंत्र पानांवर एकत्र छापत, त्यांचे पृष्ठांकही बहुधा वेगळे असत; वर्षाअखेरीस खंड बांधताना ती पाने काढून टाकणे हा तेथेही रिवाज होता. परिणाम असा की ज्या वाचकाने मासिक हाती घेतले त्याने एक संहिता वाचली, आणि आपण, संशोधक, दुसरीच वाचतो.

त्या वाचकाच्या दृष्टीने जाहिरात फालतू नव्हतीच. १८९३ साली 'मन्सीज' मासिकाने अंकाची किंमत १० सेंटांवर आणली. त्या सुमाराच्या स्वस्त मासिकांचा खर्च विक्रीतून भागत नसे; जाहिरातींतून भागे. कथा वाचायला मिळत होती ती मागच्या पानांच्या बळावर. मग कथेचे आणि त्या पानांचे काही नाते असेल की नाही? आमच्या मते असते. छायाचित्रणाच्या जाहिराती १८९० नंतर जशा बदलत गेल्या, त्यात त्यांनी कथेपासूनच पुष्कळ उचलले.

१८९२ साली लुईस जोन्स हा गृहस्थ कंपनीच्या जाहिरातविभागात आला आणि पुढे दीर्घकाळ त्याने ते काम पाहिले. या काळात भिंगांची आणि मापांची माहिती मासिकांतल्या जाहिरातींतून मागे सरत गेली. पुढे आले ते प्रसंग. सुट्टी, समुद्रकिनारा, सायकलवरची सहल, नाताळची सकाळ, अंगणातले मूल. १८९३ पासून जाहिरातीत एक तरुणी दिसू लागली, तिला 'कोडॅक गर्ल' म्हणू लागले. ब्रिटनमध्ये १९१० च्या सुमारास तिच्या अंगावर पट्ट्यापट्ट्यांचा पोशाख आला आणि ती त्या पोशाखावरून ओळखली जाऊ लागली. ती नेहमी घराबाहेर असते, एकटी हिंडते, तिच्या हाती कॅमेरा असतो. स्त्रीच्या हाती यंत्र देऊन 'हे इतके सोपे आहे' असे सुचवण्याचा कावा तीत आहे, हे खरे. परंतु एकटीने प्रवास करणारी, पाहिली जाण्याऐवजी पाहणारी तरुणी त्या काळच्या मासिकाच्या पानावर महिनोन्महिने दिसत राहिली, हेही तितकेच खरे. एकाच चित्रातून दोन्ही अर्थ निघतात आणि दोन्ही जपून वाचले पाहिजेत.

कथेकडून उचललेली दुसरी गोष्ट म्हणजे रुखरुख. विसाव्या शतकाच्या आरंभी कंपनीने एक वाक्य चालवले. त्याचा आशय असा की, कोडॅकवाचून घालवलेली सुट्टी ही वाया घालवलेली सुट्टी. विचार करावा असे हे वाक्य आहे. सुट्टी होऊन गेली, माणसे आनंदाने घरी परतली. तरी ती वाया गेली, का तर तिचे चित्र नाही. अनुभव पुरेसा नाही, त्याचा पुरावा हवा. पुढे १९२० च्या दशकात याच कंपनीने 'गोष्ट कोडॅकला सांभाळू द्या' अशा अर्थाचे वाक्य वापरले. १८८९ मध्ये 'बाकीचे' म्हणजे धुणे आणि छापणे होते. तीन-चार दशकांत आठवण ठेवणे हेही त्या 'बाकीच्या'त जमा झाले. आजी गोष्ट सांभाळते, ओवी सांभाळते, बखरकार सांभाळतो. आता ती डबी सांभाळणार होती. आमच्या मते या जाहिरातींतला सर्वांत खोल बदल हा आहे, आणि तो सर्वस्वी वाङ्मयीन आहे.

भाषेच्या मालकीची एक गंमत येथे नोंदवतो. कंपनीने आपल्या नावापासून क्रियापदे आणि भाववाचक नामे मोठ्या हौसेने पाडली. १९१३ पासून निघालेल्या तिच्या हौशी छायाचित्रकारांसाठीच्या मासिकाचे नावच 'कोडॅकरी' होते. (आपल्याकडे १९२० साली 'किर्लोस्कर खबर' निघाले तेही एका कारखान्याचे पत्र म्हणूनच, त्याचे पुढे वाङ्मयीन-सामाजिक मासिक झाले, 'कोडॅकरी'चे झाले नाही.) पण लोक कोणत्याही कॅमेऱ्याला कोडॅक म्हणू लागले तेव्हा मात्र ईस्टमनचा नसेल तो कोडॅकच नव्हे, असे जाहिरातीतून बजावण्याची पाळी आली. शब्द रूढ व्हावा आणि तरी आपलाच राहावा, ही इच्छा भाषा फार दिवस चालू देत नाही.

*

आता आमच्या विरुद्ध बाजूने जे म्हणता येईल ते म्हटले पाहिजे. कोणी विचारील, तुम्ही तंबूतल्या रसायनांचे एवढे कौतुक करता, पण ती हौस परवडत कोणाला होती? डॉक्टरांना, अधिकाऱ्यांना, फुरसत असलेल्यांना. फेब्रुवारी १९०० मध्ये 'ब्राउनी' हा कॅमेरा १ डॉलरला आला, सहा चित्रांचे रीळ १५ सेंटांना. फ्रँक ब्राउनेलने तो घडवला आणि पामर कॉक्सच्या चित्रांमुळे मुलांच्या लाडक्या झालेल्या ब्राउनी नावाच्या बुटक्या पऱ्यांचे नाव त्याला मिळाले. शाळेतला कोणीही मुलगा किंवा मुलगी तो चालवू शकेल, असे जाहिरात सांगत होती. मुलांसाठी मंडळ काढले, स्पर्धा लावल्या. ज्या घरांत पूर्वी आयुष्यात एकदा, लग्नात, स्टुडिओतला फोटो निघे, त्या घरांत मुलांनी आईवडिलांचे फोटो काढले. हे लोकशाहीकरण नव्हे काय?

आहे, आणि आम्ही ते नाकारीत नाही. ॲन्सेल ॲडम्सला १९१६ साली, चौदाव्या वर्षी, योसेमिटीच्या सहलीत ब्राउनी मिळाला आणि त्यातून एका मोठ्या छायाचित्रकाराचा आरंभ झाला. परंतु त्याची पुढची पायरी पाहा. १९१७ साली तो सॅन फ्रान्सिस्कोत लोकांची रिळे धुऊन देणाऱ्या एका व्यावसायिकाकडे अर्धवेळ कामाला लागला. कळ त्याला एका डॉलरच्या डबीने दिली. 'बाकीचे' शिकायला त्याला दरवाज्याच्या पलीकडे, 'आम्ही'त जावे लागले.

आल्फ्रेड स्टीग्लिट्झचे उदाहरण याहून बोलके आहे. १८९० च्या दशकाच्या अखेरीस त्याने तक्रार केली की, ज्ञानावाचून आणि श्रमावाचून चित्रे काढण्याची सोय झाल्यामुळे या कलेची पत गेली. त्याच वेळी त्याने असेही आग्रहाने मांडले की, छायाचित्रणातील उत्तम काम करणारे बहुतेक सारे हौशीच आहेत, कारण ते प्रेमापोटी काम करतात. म्हणजे तो 'हौशी' शब्द त्याच्या जुन्या अर्थासह परत मागत होता. आणि हा माणूस हातातल्या कॅमेऱ्याचा शत्रू नव्हता. २२ फेब्रुवारी १८९३ रोजी न्यूयॉर्कच्या फिफ्थ ॲव्हेन्यूवर हिमवादळात तीन तास उभे राहून त्याने जे प्रसिद्ध चित्र घेतले ते हातातल्या, उसन्या आणलेल्या कॅमेऱ्याने. कळ त्यानेही दाबलीच. पण आधी तीन तास वाट पाहिली आणि नंतर त्या चित्रातला नेमका भाग निवडून, तो मोठा करून, स्वतः छापला. पुढे त्याने काढलेल्या 'कॅमेरा वर्क' या देखण्या त्रैमासिकाच्या जाहिरातींच्या पानांवर ईस्टमन कंपनीही होती, हा इतिहासाचा विनोद. एवढी उंची कलाही मागच्या पानांच्या आधारानेच उभी होती.

तेव्हा आमचा आक्षेप कळीवर नाही, स्वस्ताईवर तर नाहीच. आक्षेप दोन गोष्टींवर आहे. पहिली, 'बाकीचे' अदृश्य करण्यावर. रॉचेस्टरच्या कारखान्यात लाल उजेडात आणि अंधारात रिळे धुणारी, चित्रे छापणारी माणसे होती. त्यांत स्त्रिया मोठ्या संख्येने होत्या. किनाऱ्यावर हिंडणारी तरुणी जाहिरातीत दिसली, अंधारात काम करणारी तरुणी दिसली नाही. 'आम्ही' या शब्दात मालक आणि मजूर दोघे एकत्र बुडाले. दुसरी गोष्ट, न करता येणे हा गुण म्हणून मांडण्यावर. कंपनीची स्वतःची यंत्रेही याची साक्ष देतात. १९०२ साली तिने दिवसाउजेडी घरच्या घरी रीळ धुण्याचे यंत्र विकायला आणले. म्हणजे स्वतः करू इच्छिणारे लोक संपले नव्हते; त्यांची बाजारपेठ करता येत होती. १९१४ साली तिने गेसमन नावाच्या संशोधकाला ३ लाख डॉलर देऊन चित्राच्या कडेला तारीख आणि ओळ लिहिता येईल असा कॅमेरा आणला. पाठीमागची लहानशी झडप उघडायची आणि सळईने लिहायचे. या साऱ्या इतिहासात वापरणाऱ्याच्या हाताला काही अक्षरे परत मिळाली ती येथे. ती सोय दोन दशकांच्या आत मागे पडली. कंस पुन्हा मिटला.

*

आमची पिढी या इतिहासाच्या शेपटाला वाढली. आमच्या घरांत 'आग्फा क्लिक थ्री' होता. बारा फोटोंचे रीळ, आणि त्यातले शेवटचे दोन दिवाळीसाठी राखून ठेवायचे. 'रोल धुवायला टाकला' हे वाक्य आम्ही मराठीत शंभरदा बोललो आणि धुणारा कोण, कसा धुतो, हे कधी विचारले नाही. आमच्या हौशीचीही हद्द कळीपाशीच संपत होती. म्हणून हा लेख कोणाकडे बोट दाखवण्यासाठी नाही. आम्हीही त्या कंसाबाहेरच आहोत.

कोडॅक कंपनीने जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. घोषवाक्य मात्र दिवाळखोर झाले नाही. अलीकडे आमच्याकडे येणाऱ्या निबंधांतून आम्हांला ते पुन्हा ऐकू येते. विद्यार्थी विषय टंकित करतो, कळ दाबतो, आणि कोठल्या तरी यंत्रामागचे 'आम्ही' बाकीचे करून देते : शुद्ध, नेटके, कोणाचेही नसलेले. विद्यार्थ्यावर रागावून उपयोग नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ आपण सर्वांनीच या वाक्याला सोय मानले आहे. कळ दाबू नका असे सांगणारा शिक्षक १८८९ मध्ये हरला असता, आजही हरेल. शिवाय ब्राउनीने काही मुलांना जसे दार उघडून दिले तसे याही यंत्राने कोणाला उघडून दिले असेल, हे मानण्याइतका प्रामाणिकपणा आपण ठेवला पाहिजे.

पण शिक्षकाला एक गोष्ट करता येते, आणि ती आपल्या विषयाच्या अगदी हद्दीतली आहे. अवतरण पुरे द्यावे. जाहिरातीची पाने खंडातून फाडू नयेत. आणि वर्गात ते घोषवाक्य फळ्यावर लिहिताना खालची ओळही लिहावी, कंसासकट. गेल्या सत्रात आम्ही तसे केले. एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, मग कंसातल्या वाक्यात "तुम्ही" का आहे? तिथे "आपण" का नाही?' आम्हांला लगेच उत्तर देता आले नाही. स्वतः करणाऱ्यालाही कंपनी एकटेच सोडते, असे आम्ही पुढच्या तासाला सांगितले. तिचे समाधान झाले असे वाटले नाही. आमचेही झालेले नाही.